तळघराचे दार

आषाढ सरून श्रावण लागला की आमच्याकडील जुन्या घरांना एक ओळखीचा वास येऊ लागतो. कोपऱ्यात ठेवलेल्या चपलांवर पांढरी लव उगवते, पेटीतील लग्नाच्या साडीला कुबट दर्प येतो, प्रार्थनापुस्तकाची पाने एकमेकांस चिकटतात आणि पवित्र हृदयाच्या चित्रावर काचेआड तपकिरी ठिपके उमटू लागतात. 'पावसाळा म्हटला की हे चालावयाचेच' अशी आपण मनाची समजूत घालतो. आम्हीही ती पुष्कळ वर्षे घातली. ती समजूत आम्हांस, आणि आमच्याहूनही अधिक आमच्या शेजारणीस, केवढी महाग पडली ते सांगावे म्हणून आज लेखणी हाती घेतली आहे.

आमचे घर बेळगावच्या पश्चिमेस, मार्कंडेय नदीच्या खोऱ्यातील एका उतारावर आहे. आजोबांनी ते बांधले तेव्हा उतार तोडून सपाट करण्याऐवजी त्यांनी उताराचाच उपयोग करून घेतला. पुढील बाजूस जोते उंच आले, त्याच्या पोटात एक लांबट खोली निघाली. हेच आमचे तळघर. त्याच्या तीन भिंती जमिनीत गाडलेल्या व चौथीस दार. भिंती दगडमातीच्या, वर लाकडी फळ्यांचे छत, आणि त्या फळ्या म्हणजेच आमच्या माजघराची जमीन. उन्हाळ्यात तेथे गारवा असे. भाताचे बियाणे, भुईमुगाच्या शेंगांची पोती, लोणच्याच्या बरण्या, मोडकी खाट, जुने कागद, सारे काही त्या खोलीत जाई.

मागील भिंतीस पावसाळ्यात ओल येई. प्रथम ती हातभर उंच होती, मग कमरेपर्यंत आली. कोठे पांढरा लोणा फुटे, कोठे काळेहिरवे चट्टे पडत. नाताळ जवळ आला की आम्ही खराट्याने भिंत झाडून तीवर चुन्याची सफेदी देत असू. जानेवारीत ती भिंत इतकी शुभ्र दिसे की आम्हांसच आपल्या कष्टांचे कौतुक वाटे. पुढे कोणी सांगितले म्हणून सिमेंटचा गिलावा केला, तेव्हा ओल त्याच्याही वर चढली. त्यानंतर महागडा जलरोधक रंग आणून आतून लावला, तो दुसऱ्याच पावसाळ्यात पापडासारखा सुटून खाली पडला.

पास्काच्या सणानंतर आमचे फादर घरोघर आशीर्वाद देण्यास येतात. त्या दिवशी अंगण सारवले जाई, मेजावर पांढरे वस्त्र, मेणबत्त्या, फुले मांडली जात. फादर ओटीवर, माजघरात, स्वयंपाकघरात पवित्र जल शिंपडीत. तळघराचे दार मात्र आम्ही आधीच ओढून घेत असू. 'खाली अडगळ आहे, फादर,' एवढे म्हटले की ते हसून पुढे जात.

एवढ्यावरच हे थांबले नव्हते. आमच्या धाकट्या नातीस पावसाळ्यात धाप लागे. शहरातील डॉक्टरांनी एकदा स्पष्ट विचारले, 'घरात ओल, बुरशी आहे काय?' आम्ही 'नाही' म्हणालो. हे खोटे जाणूनबुजून नव्हते. तळघरही घरातच धरावयाचे असते, हे आमच्या मनातच आले नाही. पण ती पोर निजत होती त्याच फळ्यांवर, आणि फळ्यांच्या फटींतून खालची हवा रात्रभर वर येत होती. बुरशीचे बीजकण डोळ्यांस दिसत नाहीत, ते हवेबरोबर फिरतात. दम्याच्या रोग्यास त्यांचा त्रास विशेष होतो, हे आज आम्हांस ठाऊक आहे.

वाचकहो, जुन्या करारात लेवीय नावाच्या ग्रंथाचा चौदावा अध्याय आहे. तो आपण सहसा वाचीत नाही. त्याच्या उत्तरार्धात घराच्या भिंतीवर पडणाऱ्या हिरवट किंवा तांबूस चट्ट्यांविषयी नियम दिले आहेत. घरमालकाने स्वतः याजकाकडे जाऊन चट्ट्यांची वर्दी द्यावयाची, घरातील सामान बाहेर काढावयाचे, मग याजकाने येऊन पाहावयाचे व घर सात दिवस बंद ठेवावयाचे. चट्टा पसरला असेल तर ते दगड काढून नगराबाहेर टाकावयाचे, आतील भिंती खरवडावयाच्या, दुसरे दगड व दुसरा गिलावा घालावयाचा. त्यानंतरही चट्टा परतला तर घरच पाडावयाचे. चट्ट्यावर सफेदी फासण्याचा उपाय त्या अध्यायात कोठेच नाही. आम्ही हा अध्याय वाचला तो सारे होऊन गेल्यावर.

ऑगस्ट २०१९ चा पहिला आठवडा बेळगाव जिल्ह्यातील कोणीही विसरणार नाही. पाऊस थांबण्याचे नाव घेईना. मार्कंडेय, घटप्रभा, मलप्रभा या नद्या पात्र सोडून शेतांत आणि गावांत शिरल्या, तिकडे कोल्हापूर-सांगलीकडेही हाहाकार उडाला. आमच्या घरापर्यंत नदी आली नाही, पण मागील टेकाडावरून पाणी लोटत आले. दुपारी तळघराच्या मागील भिंतीतून झरे फुटले, तिन्हीसांजेस घोट्याएवढे पाणी झाले.

आम्ही पोरांना हाताशी घेतले. घराचे काम काढावयाचे म्हणून अंगणात वाळू टाकलेली होती. ती पोत्यांत भरून सुमारे चाळीस पोती घरामागे तिरपी रचली. पाण्याची धार वळली. आमच्या भिंतीकडे येणारा लोट डावीकडे निघून गेला आणि आम्ही देवाचे आभार मानले.

डावीकडे मावशींचे घर आहे. या मावशी नात्याच्या नव्हेत, पण आमच्या आईच्या मैत्रीण. पती निवर्तलेले, मुलगा दूर नोकरीस. घर मातीच्या भिंतींचे आणि आमच्याहून सखल जागेत.

खरे सांगावयाचे तर, पोती रचताना पाणी कोठे जाईल हा विचार आमच्या मनात आला होता. आम्ही तो पुढे ढकलला. रात्र होती, पाऊस होता, आमचे बियाणे भिजत होते. मध्यरात्री धडाड आवाज झाला. मावशींच्या घराची मागची भिंत बसली होती. त्या पुढल्या खोलीत निजल्या होत्या म्हणून वाचल्या. त्यांची भाताची कणगी मात्र चिखलात गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाली मान घालून त्यांच्यापुढे उभे राहिलो. त्यांनी रागही केला नाही आणि रडल्याही नाहीत. एवढेच म्हणाल्या, 'बाळा, पानी कुटंतरी जानारच की. पर तू रातीच एक हाक मारली असतीस, तर मी माजं भात वर काडलं असतं बघ.'

त्या एका हाकेचे ओझे आम्ही कितीतरी दिवस वाहिले. पापनिवेदनास गेलो तेव्हा फादरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, 'क्षमा देव देतो, पण भिंत तुम्हांस बांधून द्यावी लागेल.' शेजाऱ्याच्या वस्तूची नुकसानी केली तर भरपाई करणे हे ख्रिस्तसभेच्या शिकवणीप्रमाणे कर्तव्यच आहे. आम्ही ते लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले होते. पाठ केलेले आणि कळलेले यांत अंतर असते.

इकडे आमच्याही तळघरात कमरेएवढे पाणी साचले होते. त्या वेळी जाणत्या माणसांकडून जे शिकलो ते सांगितले पाहिजे, कारण अशा प्रसंगी घाईने माणसे जिवास मुकतात. पहिली गोष्ट विजेची. पाण्यात पाय असताना बटणास हात लावावयाचा नाही. मुख्य बटण कोरड्या जागी असेल तरच ते बंद करावे, नसेल तर वायरमनला बोलवावे. दुसरी गोष्ट इंजिनाची. पाणी उपसावयाचे डिझेलचे इंजिन आम्ही तळघराच्या दारातच ठेवणार होतो. एका शेजाऱ्याने ते ओढून दूर अंगणात नेले. त्याच्या धुरातील विषारी वायूस वास नसतो, बंद जागेत माणूस नकळत झोपेतच जातो.

तिसरी गोष्ट सर्वांत विलक्षण वाटली. सारे पाणी एकदम उपसू नये. बाहेरची माती पाण्याने फुगलेली असते व ती भिंतीस आत ढकलीत असते. आतले पाणी तिला थोपवून धरते. ते एकाएकी काढले तर दगडमातीची भिंत आत कोसळण्याचा धोका असतो. आम्ही फूटभर पाणी काढले, भिंतीवर कोळशाने रेघ मारली आणि रात्रभर थांबलो. सकाळी पाणी पुन्हा रेघेच्या वर चढलेले, म्हणजे बाहेरची जमीन अजून भरलेलीच होती. असे करीत तळघर रिकामे होण्यास पाच दिवस लागले.

मग प्रश्न आला शेंगांचा. वरच्या पोत्यांतील शेंगा नुसत्या दमट झाल्या होत्या. ओल्या वस्तूवर बुरशी धरण्यास एक-दोन दिवस पुरतात, येथे तर आठवडा लोटलेला. फोडून पाहिल्या तेव्हा काही दाण्यांवर पिवळसर हिरवी बुरशी दिसली. घरात दोन मते पडली. एकीचे म्हणणे, अन्न टाकणे पाप आहे, उन्हात वाळवून गुरांना घालू. दुसरीचे म्हणणे, निवडून तेल काढू. आम्हीही डळमळलो होतो. पण कृषी खात्यातील एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितले ते ऐकून थांबलो. १९६० साली इंग्लंडात लाखाहून अधिक टर्की कोंबड्या मेल्या, त्यांच्या खाद्यात बुरशी लागलेली भुईमुगाची पेंड होती. त्यातूनच अफलाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. १९७४ साली आपल्याच देशात, राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील आदिवासी खेड्यांत, बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे काविळीने दगावली. हे विष ऊन दाखवून किंवा शिजवून जात नाही, आणि गाईच्या पोटात गेले तर दुधातही उतरते. आम्ही ती सारी पोती खड्ड्यात पुरली. अन्न टाकल्याचे दुःख झाले, परंतु ते आता अन्न राहिले नव्हते.

भिजलेली गादी, पुठ्ठे व गोणपाट यांचीही तीच वाट लावली. बरण्या, लोखंडी सामान व दगडी फरशी साबणाच्या पाण्याने घासून कोरडी केली. नाकातोंडास चांगला मुखपट्टा आणि हातांत मोजे घातल्याशिवाय कोणास खाली जाऊ दिले नाही. बुरशीवर औषध मारून ती तशीच भिंतीवर ठेवण्यात अर्थ नाही, कारण मेलेली बुरशीही श्वासात गेली तर त्रास देते. ती खरवडून, धुऊन बाहेरच काढावी लागते.

परतीच्या पावसात आम्ही एका वृद्ध गवंड्यांना बोलावले. आमची अपेक्षा अशी की ते भिंतीवर कोणता तरी नवा लेप सांगतील. त्यांनी तळघरात पाऊलही टाकले नाही. डोक्यावर इरले घेऊन ते भर पावसात घराभोवती दोन फेऱ्या हिंडले आणि मग विचारले, 'पाणी भिंतीत शिरतं ते ऱ्हाऊ द्या. भिंतीपाशी येतंच कशाला?'

चाळीस वर्षांत हा प्रश्न आम्ही स्वतःस केला नव्हता. त्यांनी वर बोट दाखविले. मागल्या वळचणीच्या पागोळ्या नेमक्या भिंतीच्या पायाशी पडत होत्या आणि तेथे लांब घळ पडली होती. आम्ही घरी येऊन हिशोब केला. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. आमच्या छपराची मागची पाख चाळीस चौरस मीटर. शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर एका दिवसात चार हजार लिटर, म्हणजे दोनशे लिटरची वीस पिंपे, आम्ही स्वतःच्याच हाताने स्वतःच्याच भिंतीच्या मुळाशी ओतीत होतो. टेकाडाचे पाणी ते वेगळेच. वर्षानुवर्षे माती साचून घरामागची जमीनही भिंतीकडेच उतरती झाली होती, आणि वळचणीचे पाणी काही आढ्यास जात नाही. ते उताराने तळघरातच येणार.

गवंडीदादांनी आणखी एक युक्ती सांगितली. हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावयाचा. तुकड्याच्या आतील बाजूस, भिंतीकडे, पाणी दिसले तर ओल भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूस थेंब जमले तर ती हवेतील दमट वाफ गार भिंतीवर थिजत आहे. आमच्या मागील भिंतीवर पहिला प्रकार निघाला, दाराजवळच्या भिंतीवर दुसरा. म्हणजे पावसाळ्यात हवा खेळावी म्हणून आम्ही दिवसभर दार उघडे टाकीत होतो, तेणेकरून बाहेरची ओल आत येत होती. आता उघडीप पडून कोरडे ऊन आले तरच दार उघडतो.

कामास हात घातला तो जानेवारी २०२० मध्ये. वळचणीस पन्हळ बसवून तिचे पाणी नळाने घरापासून दूर नेले. मागची माती काढून जमिनीस भिंतीपासून बाहेर उतार दिला, दहा फुटांत सहा इंच. उरला टेकाडाचा लोट. त्यासाठी चर खणणे प्राप्त होते, आणि तो कोठे न्यावयाचा हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. आमच्या हद्दीतच तो संपविला असता तर पाणी पूर्वीसारखेच मावशींच्या पायाशी गेले असते.

या वेळी आम्ही आधी त्यांच्या दारी गेलो. दोन्ही घरांच्या मागून एकच चर काढून तो खालच्या ओढ्यास मिळवावा, खर्च आमचा, वाट मात्र त्यांच्या परसातून हवी, असे विचारले. मावशींनी आमच्याकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाल्या, 'माजं फणसाचं झाड तेवडं राकून न्हे.' फणसास वळसा घालून चर गेला. तो भिंतीपासून पाच फूट अंतरावर ठेवला, कारण भिंतीस लागून पायाखाली खणले तर जुने घरच खचावयाचे. शंभर फुटांस एक फूट उतार दिला, तळाशी भोके पाडलेला नळ, वर खडी, आणि माती आत शिरू नये म्हणून त्याभोवती कापड. आतील सिमेंटचा गिलावा फोडून काढला, तेव्हा त्यामागे भिंत चिंब होती. सिमेंटने ओल बाहेर पडण्याची वाटच बुजविली होती. मग दगडांच्या दरजा चुन्याने भरल्या व वर चुन्याचाच गिलावा केला. चुना भिंतीस श्वास घेऊ देतो. सामान जमिनीपासून दीड फूट उंच फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवू लागलो. मावशींची मागची भिंत त्याआधीच, नाताळापूर्वी, बांधून झाली होती, आणि पेरणीचे भात आम्ही आमच्या वाट्यातून त्यांना दिले.

मार्चमध्ये टाळेबंदी आली, पण तोवर काम आटोपले होते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसाच मुसळधार पाऊस झाला. आम्ही रात्री कंदील घेऊन खाली उतरलो. मागील भिंतीच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढी ओल दिसली, बाकी जमीन कोरडी. पण मग आम्ही वर येऊन निजलो नाही. मावशींच्या दारावर थाप मारली. त्या जाग्याच होत्या. दोघांनी मिळून त्यांच्या परसातील चर पाहिला, त्यात अडकलेली पालापाचोळ्याची गुंडी काढली. पाणी खळखळत ओढ्याकडे गेले. दर वर्षी रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी तो चर साफ करण्याचे काम आता दोन्ही घरांचे आहे. नातीची धाप पुरती गेली असे म्हणणार नाही, पण रात्री उठून बसण्याची पाळी तिच्यावर क्वचितच येते. डॉक्टरांनाही आम्ही जाऊन खरे ते सांगितले.

खडकावर बांधलेल्या घराचा दृष्टान्त आपण सर्वांनी ऐकला आहे. त्यातील एक बारकावा आमच्या ध्यानी उशिरा आला. पाऊस, पूर आणि वारा दोन्ही घरांवर सारखेच येतात. देवाच्या मनुष्यास पाऊस लागत नाही असे प्रभूने कोठेही सांगितलेले नाही. पाऊस येणारच. त्याला कोणती वाट द्यावयाची, आणि त्या वाटेवर कोणाचे घर आहे, एवढे पाहणे मात्र आपल्या हाती आहे.

महामारीमुळे दोन वर्षे घरांचे आशीर्वाद झाले नव्हते. २०२२ साली पास्कानंतर फादर आले. ओटी झाली, माजघर झाले, स्वयंपाकघर झाले. ते निघण्यास वळले, तेव्हा आम्ही तळघराचे दार उघडले आणि म्हणालो, 'फादर, खालीही यावे.' ते पायऱ्या उतरले. चुन्याची भिंत काही फार शुभ्र नव्हती, कोपऱ्यातील तो तळहाताएवढा डाग अजून दिसत होता. आम्ही तो झाकला नाही. फादरांनी त्या डागावरही पवित्र जल शिंपडले.